आतलं अक्षर

परवा तुझा फोन आला. "मावशी, ई-बुकचं काम मिळालंय. पहिल्या पुस्तकाची फाइल हातात आली आहे. सुरुवात कुठून करू?" तू घाईत होतीस, मागे सानपाडा स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. फोनवर ऐकलेलं वाशीचा पूल ओलांडेपर्यंत विसरतं. लिहिलेलं खणात राहतं, अडलं की काढून बघता येतं.

१९८६ साली मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. तिथे एक वयस्क जुळारी होते, सगळे त्यांना दादा म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जुळवलेल्या मजकुराची एक ओळ माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, वाच. शिशाचे खिळे, त्यांवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी. मला एक शब्द लागेना. ते मात्र सकाळचा पेपर वाचावा तसे घडाघडा वाचत होते. पुढे एकदा घाईच्या कामात छापून आलेल्या कागदांवरच मी शाईने वेलांटी दुरुस्त करायला बसले. पन्नासच प्रती होत्या. दादांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणाले, "कागद खोडू नकोस, मुली. खिळा बदल. आज पन्नास आहेत, उद्या याच फर्म्यावर पाचशे काढतील. तेव्हाही पेन घेऊन बसणार आहेस का?"

ते आज नाहीत. त्यांचं वाक्य मी तुझ्या कानात घालते आहे, कारण पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं त्यातूनच निघतं. चूक जिथे उमटते तिथे नको, जिथून उमटते तिथे सुधार.

आमच्या पिढीने हा मंत्र मधल्या काळात मोडला. नव्वदच्या दशकात खिळे गेले आणि डीटीपी आलं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं प्रत्येक डीटीपीवाल्याच्या तोंडी असत. त्यांच्यामुळेच मराठी पुस्तकं संगणकावर जुळायला लागली, ते ऋण मी मानते. पण त्या फॉन्टांची रीत तुला माहीत हवी. अक्षरांसाठी ज्या जागा होत्या त्या इंग्रजीच्या, आणि त्यांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली. पडद्यावर 'क' दिसे, आत मात्र एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे. प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट असेल तोवर ते मराठी, फॉन्ट काढला की ओळभर निरर्थक खुणा. हातात धरून चाचपता येणारं अक्षर जाऊन अक्षराचं नुसतं चित्र उरलं, आणि आम्हाला ते कळलंही नाही. कागदावर सुंदर उमटत होतं ना!

२०१४ साली एक लेखिकाबाई माझ्याकडे आल्या. सत्तरी ओलांडलेल्या. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक सीडी, त्यात त्यांच्या १९९८ सालच्या कादंबरीची फाइल. छापखाना बंद पडला होता, त्यांना नवी आवृत्ती आणि ई-बुक दोन्ही करायचं होतं. मी फाइल उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मराठीचं एक अक्षर नाही. ज्या फॉन्टात ती जुळवली होती तो शोधायला मला तीन आठवडे लागले. मिळाला, मजकूर दिसू लागला, मी हुश्श केलं. छापील पुस्तक शेजारी ठेवून वाचायला घेतलं, तर पान १४ वर एक आख्खा परिच्छेद वेगळा. पान ३१ वर नाव वेगळं. तेव्हा उलगडा झाला. त्या काळी शेवटच्या दुरुस्त्या फाइलमध्ये करायला वेळ नसे. दुरुस्त ओळीची वेगळी प्रिंट काढायची, ब्लेडने कापायची आणि बटर पेपरवर जुन्या ओळीच्या जागी चिकटवायची. प्लेट निघे ती चिकटवलेल्या पानाची. फाइल बिचारी चुकांसकट तशीच राही. मी स्वतः अशा शेकडो पट्ट्या कापल्या आहेत. आम्ही कागद खोडला होता, खिळा बदललाच नव्हता. सोळा वर्षांनी त्या बाईंसमोर बसून ते मला सांगावं लागलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही. प्रकाशक तुला फाइल देईल आणि म्हणेल, हीच छापली होती, डोळे मिटून कर. विश्वास ठेवू नकोस. छापील प्रत माग. शेवटच्या आवृत्तीची माग. ओळीला ओळ लावून वाच. याचे पैसे वेगळे लागतात ते आधीच बोलून घे, संकोच करू नकोस.

दुसरी गोष्ट, फाइल हातात आली की सर्वांत आधी एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटव. मराठी मराठीच राहिली तर आत युनिकोड आहे. खुणाखुणा झाल्या तर जुना फॉन्ट आहे आणि अक्षरांतर, म्हणजे त्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर, करावं लागेल. ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा आहे, पण ती न करता अंदाजपत्रक देणारी माणसं मी नुकसानीत गेलेली पाहिली आहेत.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. क म्हणजे क, कुठल्याही फॉन्टात, कुठल्याही यंत्रात. खिळा परत आला म्हण. तू लोकलने खारघरला जातेस तेव्हा स्टेशनजवळ सी-डॅकचं केंद्र आहे, लक्षात असेल. या केंद्राचा पूर्वावतार जुहूचा, एनसीएसटी. तिथे र. कृ. जोशी यांच्यासारख्या मोठ्या अक्षरकाराने युनिकोड देवनागरीचं पायाभूत काम केलं. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांचाच. आज तुझ्या फोनवर मराठी सहज उमटते त्यामागे असे हात आहेत. पुढच्या वेळी उतरलीस की त्या इमारतीकडे जरा मान वर करून बघ.

आता अक्षरांतराच्या खाचाखोचा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मराठी ई-बुकं इथेच नासतात.

जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट, उच्चाराच्या क्रमाने: 'थि'मध्ये थ आधी, वेलांटी नंतर, रफारात र आधी, मग त्याने ज्याच्या डोक्यावर बसायचं ते अक्षर. अक्षरांतर करणारे प्रोग्रॅम ही अदलाबदल करतात, पण रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर आली, किंवा रफार, काना आणि अनुस्वार एकत्र आले की गडबडतात. म्हणून मी एक छोटी यादी करून ठेवली आहे: आर्थिक, सर्वांनी, मूर्तींचा, महत्त्व, व्यक्तिमत्त्व, शृंगार, ज्ञानार्जन, दऱ्या, तऱ्हा. अक्षरांतर झालं की आधी हे शब्द शोधून बघायचे. हे नीट आले तर बाकीचं बहुधा नीट असतं.

दुःख हा शब्द घे. बऱ्याच टाइप करणाऱ्यांनी विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन दाबलेला असतो. डोळ्याला दोन टिंबं दिसतात, फरक कळत नाही. पण संगणकाच्या लेखी तो 'दु', मग विरामचिन्ह, मग 'ख'. वाचून दाखवणारं यंत्र मध्येच थांबतं. वाचकाने 'दुःख' शोधलं तर सापडत नाही. अंतःकरण, स्वतः, निःशब्द, प्रातःकाळ, सगळ्यांची हीच गत. प्रत्येक पुस्तकात अक्षराला चिकटून आलेला कोलन शोध आणि एकेक बघून बदल. सरसकट बदलू नकोस. नाटकात पात्राच्या नावापुढे खराखुरा कोलन असतो.

मग ऱ्य. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक तुला शाळेत शिकवलाय. आत मात्र हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक तर ऱ हे टिंबवालं स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडलेला, किंवा साधा र, पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, शोधताना दोन वेगळे शब्द. युनिकोडची शिफारस पहिल्याची आहे. आख्ख्या पुस्तकात तोच ठेव. तसंच ॲडव्होकेटमधल्या ॲचं. त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फायलींत अ आणि वर चंद्र असा जोडलेला असतो, किंवा हिंदीच्या वळणाचा ऍ. एकच रूप ठरव आणि ते वहीत लिहून ठेव. प्रत्येक पुस्तकाला एक पान. काय बदललं, किती ठिकाणी, का. सहा महिन्यांनी प्रकाशक विचारतो तेव्हा वही बोलते.

एवढं झालं की मग ईपबकडे वळायचं, त्याआधी नाही. मजकूर कच्चा असताना ई-बुक बांधणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

ईपब म्हणजे काय हे तुला कोर्समध्ये शिकवलं असेल, पण माझ्या पद्धतीने ऐक. एप्रिल-मे महिन्यात आपण वाशीच्या फळमार्केटात जातो. हापूसची पेटी असते. बाहेरच्या बाजूला रंगाने खूण मारलेली, म्हणजे पेटी न फोडताच माथाडीला कळतं कुठला माल, कोणाच्या गाळ्यावर जायचा. ईपबही पेटीच आहे. कुठल्याही ईपब फाइलची प्रत काढ, नावातलं शेवटचं 'ईपब' पुसून तिथे 'झिप' लिही आणि उघड. आत सगळ्यात पहिली फाइल 'माइमटाइप' नावाची, तिच्यात एकच ओळ: हा ईपब आहे. बाकी सगळा माल दाबून भरलेला असतो, ही एक फाइल मात्र न दाबता ठेवायची असा नियमच आहे. पेटीवरची रंगाची खूण ती हीच. वाचणाऱ्या यंत्राला पेटी न फोडता कळलं पाहिजे. नंतर 'मेटा-इन्फ' फोल्डरमध्ये एक चिठ्ठी, मुख्य यादी कुठे आहे ते सांगणारी. आणि ती मुख्य यादी म्हणजे ओपीएफ फाइल. तिच्यात पुस्तकाचं नाव-गाव, आत काय काय आहे त्याची मोजदाद, आणि कोणतं प्रकरण कोणामागून यायचं तो क्रम. त्या क्रमाला स्पाइन म्हणतात. छापील पुस्तकाच्या कण्याला जे नाव तेच. बाकी प्रकरणं म्हणजे साधी वेबपानं.

एवढंच आहे हे. गुपित काही नाही. पेटी कशी भरायची याची नियमावली कोणालाही फुकट वाचता येते, पाळता येते, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. १९९९ मध्ये ओपन ई-बुक या नावाने याची सुरुवात झाली, २००७ मध्ये ईपब हे रूप ठरलं, २०११ मध्ये तिसरी मोठी आवृत्ती आली. २०१७ पासून वेबचे नियम सांभाळणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था याचीही काळजी घेते, आणि ३.३ ही आवृत्ती मे २०२३ मध्ये तिची अधिकृत शिफारस झाली. ज्या बाईंची सीडी मला वाचता येत नव्हती, तिच्या आतल्या मांडणीची नियमावली कुठे खुली नव्हती. ती कंपनी, तो फॉन्ट, तो संगणक हे तिघे एकत्र असतील तरच पुस्तक. ईपब उघडायला एकाही कंपनीची वाट बघावी लागत नाही. उद्या सगळी वाचनाची ॲप बंद पडली तरी झिप उघडून वेबपानं वाचता येतील. मी याच्या एवढी मागे का लागले आहे, ते आता कळलं असेल.

महापेच्या एका कंपनीत मी जवळजवळ दहा वर्षं परदेशी प्रकाशकांची पुस्तकं ईपबमध्ये बांधली. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच. वैद्यकाचे जाडजूड ग्रंथ, लहान मुलांच्या गोष्टी. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर रात्रपाळीत बसून माणसं सातासमुद्रापलीकडच्या वाचकांसाठी एकेक तळटीप जोडत होती. आणि घरी आले की शेल्फातल्या एकाही मराठी पुस्तकाला ते भाग्य नव्हतं. मराठी म्हणजे पीडीएफ, तीही बऱ्याचदा पानांचे फोटो. त्याचं मला फार वाईट वाटे. म्हणून तू मराठीचं काम घेतलंस याचा मला किती आनंद झाला ते फोनवर सांगायचं राहिलं.

पेटीत भरायच्या फायलींना नावं देताना १, २, ३ असं लिहू नकोस. ००१, ००२ असं लिही. एका पत्रसंग्रहात माझ्याकडून हे राहिलं. यंत्राने नावांप्रमाणे लावलं: १, १०, ११, १२, मग २. मी क्रम तपासला नाही. आजारपणाच्या पत्रानंतर लगेच लग्नाची आमंत्रणपत्रिका आली, आणि वाचकाने प्रकाशकाला फोन केला. स्पाइन उघडून डोळ्यांनी वाचायची, प्रत्येक वेळी. दहा मिनिटं लागतात.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर काका राहतात, तू त्यांना ओळखतेस. पन्नाशीत काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. फोनवर पुस्तकं ऐकतात. आवाजाचा वेग इतका ठेवतात की मला एक शब्द कळत नाही, त्यांना सगळं कळतं. मी मोठ्या हौसेने माझं पहिलं मराठी ईपब त्यांना नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ताई, पुस्तक छान आहे, पण प्रकरणं कुठे आहेत?" मी म्हटलं, आहेत ना, मोठ्या ठळक अक्षरांत. आणि बोलता बोलताच थांबले. ठळक अक्षर डोळ्यांना. त्यांच्या यंत्राला ती एक साधी ओळ होती. शीर्षक म्हणून खूणच केली नव्हती मी. त्यांना चौथ्या प्रकरणावर जायचं तर पहिल्या तीन प्रकरणांतून बोट सरकवत जावं लागे. दहा वर्षं परक्यांच्या पुस्तकांत मी ती खूण न चुकता करत होते, कारण तिथे तपासणीची यादी समोर असे. आपल्या भाषेत आले आणि नुसतं दिसण्यावर गेले.

तेव्हा शीर्षकाला शीर्षकाचीच खूण, एचवन. पोटशीर्षकाला एचटू. अक्षर मोठं आणि ठळक करून काम भागवायचं नाही. चित्राला चित्राचं वर्णन, आणि 'चित्र १' हे वर्णन नव्हे. चित्रात काय आहे ते दोन ओळींत, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं. तळटीप अशी जोड की टिचकी मारली की तिथे जाता यावं आणि परत येता यावं. छापील पुस्तकाचे पानक्रमांकही आत नोंदवता येतात. अभ्यास करणाऱ्या मुलांना संदर्भ द्यायला लागतात, ते टाळू नकोस.

आणि भाषा! ओपीएफमध्ये पुस्तकाची भाषा लिहायची जागा असते. तिथे मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं हवीत. दुसऱ्याने केलेला साचा वापरलास तर तिथे इंग्रजी किंवा हिंदी पडलेलं असतं, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काकांचं ॲप भाषा बघून आवाज निवडतं. हिंदी आवाज 'चमचा' हिंदीच्या चने वाचतो, मराठी कानाला ते टोचतं. शिवाय चांगल्या फॉन्टांत भाषा मराठी आहे असं सांगितलं की ल आणि श मराठी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ही वळणं ठरवून दिलेली आहेत. फॉन्ट आत घालायचा तर मुक्त परवान्याचा घे. मुक्ता, नोटो, टिरो देवनागरी मराठी, हे सगळे चालतात. विकतचा फॉन्ट परवाना न वाचता पेटीत भरू नकोस, तो दुसऱ्याचा माल आहे.

सजावटीबद्दल थोडक्यात. दोन्ही कडा सरळ करायच्या मोहात पडू नकोस. मराठी शब्द लांब, फोनचा पडदा अरुंद, मग शब्दांच्या मध्ये पांढरी भोकं पडतात. डावी कड सरळ पुरे. ओळींत अंतर मोकळं ठेव, अक्षराच्या दीडपट तरी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात. कवितेची ओळ मोडली तर मोडलेला तुकडा आत सरकलेला हवा, म्हणजे नवी ओळ कुठली ते कळतं. बाकी रंग, नक्षी, चौकटी वाचकावर सोड. तो अक्षर मोठं करील, पान काळं करील. त्याचं पुस्तक आहे.

जुनी पुस्तकं आली की माझं मन हळवं होतं, म्हणून हे सांभाळून ऐक. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्राने अक्षरं ओळखली की ते थ आणि य, भ आणि म, ध आणि घ, ष आणि प यांत फसतं. 'ख'चा 'रव' करतं. हे सगळं वाचूनच निघतं, दुसरा उपाय नाही. पण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांत 'घरांत', 'नाकांत' असे जे अनुस्वार असतात त्यांना हात लावू नकोस. त्या चुका नव्हेत, ते त्या काळचं लेखन आहे. नव्या नियमांप्रमाणे करायचं असेल तर ते संपादकाचं काम, आणि तसं पुस्तकाच्या सुरुवातीला लिहून करायचं.

हक्कांचं आधी विचार. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं. पण त्याच पुस्तकाच्या आवृत्तीला नंतर कोणी प्रस्तावना लिहिली असेल, चित्रं काढली असतील, तर त्यांचे हक्क त्यांचे. तो भाग सोडून दे. आणि एक वेगळी गोष्ट, जी फार थोड्या प्रकाशकांना ठाऊक असते: २०१२ च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीन आणि इतर अपंग वाचकांसाठी, नफा न घेता, वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून द्यायला कायद्याने मुभा आहे. या वाचकांसाठीच्या माराकेश कराराला जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती आपल्या देशाने, २०१४ साली. मला याचा मनापासून अभिमान आहे. काकांना मी त्या कराराचा कागद वाचून दाखवला होता.

काम झालं की ईपबचेक नावाच्या तपासनीसातून फाइल काढ. तो फुकट आहे आणि फार कडक आहे. त्याने दाखवलेली एकही चूक तशीच सोडू नकोस. झिप हाताने बांधायला जाऊ नकोस, माइमटाइप दाबली जाते आणि तो बरोबर पकडतो. सिगिल वापर, ते पेटी नीट बांधतं. कॅलिबर हे ग्रंथालय सांभाळायला उत्तम. कोविद गोयल या आपल्याच देशातल्या माणसाने २००६ पासून ते उभं केलं आणि जगभर फुकट वाटलं. पण एका साच्यातून दुसऱ्यात आपोआप ओतलेली फाइल अंतिम म्हणून देऊ नकोस, ओतल्यावर उघडून वाच. ईपबचेक पेटी तपासतो, आंबा नाही. 'दुःख' मधला कोलन त्याला दिसत नाही, तो तुलाच बघायचा आहे.

विक्रीचे दुकानदार आपापली कुलपं लावतात. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळतात. त्यांचा साचा वेगळा, तरी तेही प्रकाशकाकडून ईपब घेतात आणि आपल्या साच्यात ओततात. दुकानाचा व्यवहार प्रकाशकाने ठरवावा. तू मात्र बिनकुलपाचं मूळ ईपब, त्यातला शुद्ध मजकूर आणि ती वही असा संच करून लेखकाच्या हातात दे. लेखकाच्या, नुसतं प्रकाशकाच्या नाही. कसं उघडायचं ते त्याच्या समोर बसून दाखव. एक प्रत तुझ्याकडे, एक दुसऱ्या घरी ठेव. माझ्या कपाटात जागा आहे. दुरुस्ती आली की दुकानातल्या प्रतीत ठिगळ लावायचं नाही. मूळ फाइल सुधारायची, आवृत्तीची तारीख बदलायची आणि नव्याने बांधून सगळीकडे पाठवायची.

त्या लेखिकाबाईंचं पुस्तक आम्ही शेवटी छापील प्रतीवरून पुन्हा टाइप केलं. त्यांनी स्वतः दोन प्रुफं वाचली, डोळ्यांवर भिंग धरून. मूळ संच त्यांच्या नातवाकडे आहे, गेल्या वर्षी त्याने फोन करून सांगितलं की फाइल अजून उघडते.

तुझं पहिलं पुस्तक तयार झालं की मला दाखवायच्या आधी खालच्या काकांना ऐकव. शनिवारी चारनंतर ते मोकळे असतात. मध्ये बोलू नकोस, नुसतं बघ त्यांचं बोट कुठे अडतं ते. येताना एक इअरफोन आण, त्यांचा उजव्या कानाचा बंद पडलाय.